नवव्या प्रकरणातली मावशी

कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात बडबड फार चालत असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर तिथं माणसांची तोंडं बंद असतात आणि दात सगळे टेबलावर मांडलेले असतात. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतो का बघायचं, नाही टेकला तर सुरी दिव्यावर तापवून मेण सैल करायचं आणि दात पुन्हा हलवायचा. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. रिकामे राहतात ते कान. म्हणून मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी कधीकाळी तिथं एक रिवाज पाडला होता. दुपारच्या चहानंतर तासभर एकानं मोठ्यानं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी काम करता करता ऐकायचं, आणि वाचणाऱ्याच्या वाटणीचे दात इतरांनी वाटून घ्यायचे.

प्रकरण संपलं की प्रत्येक ऐकणाऱ्यानं आपलं मत सांगायचं. ‘बरं आहे’ चालायचं नाही. ‘बरं आहे’ म्हणणाऱ्याला सगळ्यांचे कप विसळावे लागत. वाचणाऱ्यानं मात्र मत द्यायचं नाही, कारण पुस्तक ज्याच्या हातात असतं त्याचं म्हणणं लोक निमूट मानतात, असं सासऱ्यांचं मत होतं. ते स्वतः कधीच वाचत नसत, म्हणजे मत द्यायला मोकळे.

वाचायची ती आत्या. खरी आत्या ती एकट्या ठकीची. पण कारखान्यात सगळेच तिला आत्या म्हणत, वयानं मोठ्या असलेल्या मालकीणबाईसुद्धा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि खोड एकच. लेखक आभाळाबद्दल किंवा फुलांबद्दल लिहायला लागला की ही पानं उलटायची. “ढग आले होते, गेले,” एवढं सांगून पुढं जायची. यावर कुणाचीही कधी तक्रार नव्हती.

ठकीच्या वडिलांची नोकरी बदलीची. शाळा बुडायला नको म्हणून पोरीला आत्याकडे ठेवलं, ती तिथंच राहिली. मोठी झाली, शिकली आणि आत्याच्याच शेजारच्या स्टुलावर बसून दात बसवायला लागली. आता ती सत्ताविशीची होती. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते इतकंच, की ठकीनं टोपणनावानं एक कादंबरी लिहिली होती आणि ती छापूनही आली होती.

कादंबरीचं नाव ‘पुढच्या शनिवारी भेटू’. एक मुलगी वर्षभर एकामागून एक मुलांना भेटत राहते, कॉफी पिते, घरी येते, एवढीच गोष्ट. दोन बैठकांत संपणारी, हलकीफुलकी. आणि एके दिवशी चहानंतर आत्यानं पिशवीतून तेच पुस्तक बाहेर काढलं.

“बसथांब्यावरच्या दुकानात मिळालं,” ती म्हणाली. “वरच्या चित्रात दोन उष्टे कप आहेत. म्हटलं, कुणीतरी ‘बरं आहे’ म्हणालेलं दिसतंय.”

ठकीच्या हातातली सुरी मेणात रुतून बसली. तेव्हाच बोलून टाकायचं होतं, कुणाही शहाण्या माणसानं टाकलं असतं. पण त्या पुस्तकात नववं प्रकरण होतं, आणि नवव्या प्रकरणात एक मावशी होती. आत्याची मावशी केली की ओळख पुसली, असं ठकीला लिहिताना वाटलं होतं. बाकी सगळं तिनं जसंच्या तसं उचललं होतं. दूध तापवण्याआधी तीनदा हुंगणं, रुमालाला इस्त्री करणं, रेडिओशी भांडणं. त्यावर तिनं चार विनोद केले होते, आणि शेवटी लिहिलं होतं: ‘मावशीनं लग्न केलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. पुरुषांना ती भीत होती आणि पुरुष तिला विसरत होते. त्या रात्री मी ठरवलं, काहीही होवो, आपलं मावशीसारखं व्हायचं नाही.’

लिहिताना हे फार खुसखुशीत वाटलं होतं. आता, ज्या बाईनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं तिच्याच तोंडून चार माणसांत हे वाचलं जाणार होतं. आत्यानं आयुष्यात तिच्यावर हात उगारला नव्हता. आता तिलाच आपण चारचौघांत थोबाडीत मारणार, आणि तेही तिच्याच हातानं. ठकीनं मूग गिळले.

पहिल्या प्रकरणातल्या मुलानं नायिकेला सगळं मेन्यूकार्ड वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, आणि मग तिच्यासाठी तिला न आवडणारं मागवलं.

“हा मला भेटलाय,” नवी म्हणाली. नवी कारखान्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणी आलं नाही म्हणून ती नवीच राहिली. “शप्पथ सांगते, शर्टसुद्धा हाच होता.”

“बोलणं खरं वाटतं,” मालकीणबाई म्हणाल्या. “लोकांची तोंडं बघण्यात माझा जन्म गेला. तोंड असंच चालतं.”

झिलईकाकांची पाळी आली. तयार कवळीला शेवटची चकाकी आणणं हे त्यांचं काम. वाचनाच्या वेळी यंत्राची घरघर नको म्हणून ते यंत्र बंद करून काचकागदानं घासत बसत. “मुलगा नोकरी काय करतो, ते लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “नोकरी कळल्याशिवाय मला माणूस दिसत नाही.” काकांकडून याहून जास्त कौतुक कुठल्याच पुस्तकाला मिळालेलं नव्हतं.

ठकी म्हणाली, “बरं आहे.” आणि उठून कप विसळायला गेली. नळाखाली हात धरून ती एकटीच हसत होती.

चौथ्या प्रकरणातला मुलगा नायिकेच्या प्रत्येक बोलण्याला होकार द्यायचा. शेवटी वैतागून ती म्हणाली, “मला कुत्री आवडत नाहीत आणि आवडतातही.” तो म्हणाला, “मलाही.” कारखाना हसून लोळायचा बाकी राहिला. काकांनी आत्याला तेवढं पान पुन्हा वाचायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी नवी कशाला हो म्हणाली की “मलाही” म्हणून तिची टर उडवायला सुरुवात केली.

सहाव्या प्रकरणात मात्र कुणी हसलं नाही. तिथं नायिकेला एक मुलगा मनापासून आवडतो. ‘कळवतो’ म्हणून तो जातो आणि कळवत नाही. सारखं बघायला नको म्हणून ती फोन स्वयंपाकघरातल्या खणात ठेवते, आणि मग दिवसभर चमचा काढायला तोच खण उघडत राहते.

“चमचा हवा म्हणे,” नवी म्हणाली.

मालकीणबाईंनी चष्मा पुसला. झिलईकाका हातातली कवळी खाली ठेवून म्हणाले, “माझी मुलगी असाच घराचा जिना झाडायची. सारखा. मला तेव्हा वाटलं, काय स्वच्छतेची आवड आहे. ही लेखिका आपल्याला तेव्हा भेटायला हवी होती.”

लेखक नावाचा प्राणी स्तुतीला हपापलेला असतो. त्याला दोन शब्द टाका, तो शेपूट हलवत मागं येतो. ठकी त्याला अपवाद नव्हती. त्या संध्याकाळी तिनं सुळ्याच्या जागी दाढ बसवून ठेवली. पण प्रत्येक कौतुकामागे एक प्रकरण संपत होतं आणि नववं जवळ येत होतं. पुस्तक थांबवायलाच हवं होतं, म्हणून आठव्यानंतर मत द्यायची पाळी आली तेव्हा तिनं कंबर कसली.

“मला नाही आवडत हे पुस्तक,” ती म्हणाली. “उथळ आहे. तेच तेच कॅफे, तीच तीच मुलं. या बाईला काही सांगायचंच नाहीये. आपण दुसरं काहीतरी घेऊ या.”

सगळ्यांनी माना वर केल्या.

“उथळ?” नवी म्हणाली. “ताई, तो खण उथळ?”

“नाकानं कांदे सोलू नकोस,” झिलईकाका म्हणाले. “एवढं सोपं वाटतं तर एक पान लिहून दाखव.”

“लिहिणाऱ्याचा हेवा वाटतो कधी कधी,” मालकीणबाई समजुतीनं म्हणाल्या. “तरुण वयात व्हायचंच.”

स्वतःच्या पुस्तकाला नावं ठेवल्याबद्दल इतकी बोलणी क्वचितच कुणी खाल्ली असतील. आत्या काही बोलली नाही, वाचणाऱ्यानं बोलायचंच नसतं. तिनं पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी नववं प्रकरण निघालं. ठकीनं मान इतकी खाली घातली की केस दिव्यावर जळता जळता वाचले. नायिका संध्याकाळी घरी आली. मावशी दूध हुंगत होती, एकदा, दोनदा, तीनदा. लोक हसले. रेडिओवरचा निवेदक चुकला आणि मावशीनं त्याला सुनावलं, लोक आणखी हसले. आत्याचा आवाज जराही हलला नाही. मग ते वाक्य आलं. ‘मावशीनं लग्न केलं नाही,’ आत्यानं वाचलं आणि पान उलटलं. ठकीला वाटलं, गाळलं. ढगांसारखं गाळलं. पण आत्या वाचतच होती.

“मावशीला विचारलं होतं. चांगला होता तो. वर्षभर दर रविवारी दोघं फिरायला जायची. नदीच्या पुलावर उभं राहून शेंगा खायची. तो बोलायचा छान, ऐकायचाही. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती, मावशीनं शोधून पाहिली. पण एक गोष्ट तिच्या हळूहळू ध्यानात आली. रविवारी त्याच्याकडे जाताना तिला बरं वाटायचं, आणि घरी परत येताना त्याहून जास्त बरं वाटायचं. कुलूप उघडलं, चपला काढल्या, खिडकी लावली, की जीव कसा निवांत व्हायचा. तिनं पुष्कळ दिवस वाट पाहिली, की हे उलटं होईल. झालं नाही. मग तिनं त्याला तसं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, तिलाही वाटलं. आणि ती घरी आली.”

ठकीनं यातला एकही शब्द लिहिलेला नव्हता.

आत्यानं पुस्तक मिटलं. झिलईकाकांनी काचकागद खाली ठेवला.

“या रविवारी मी बघणार आहे,” नवी हळूच म्हणाली. “जाताना बरं वाटतं का येताना.”

“अख्ख्या पुस्तकात हेच पान,” मालकीणबाई म्हणाल्या. “इतकी पोरं आली आणि गेली, पण मावशीला तोड नाही.”

“माणूस आहे ती,” झिलईकाका म्हणाले. त्यांनी तिची नोकरीसुद्धा विचारली नाही.

ठकीची पाळी आली. मत न देताच तिनं कप गोळा केले आणि विसळायला नेले, आणि या खेपेला नळाखाली ती हसत नव्हती. तिला शरम वाटत होती, अंग भाजेल इतकी. आत्याला सगळं कळलं होतं. कधीपासून, देव जाणे. आपण तिला चार विनोदांत संपवलं होतं, आणि तिनं सगळ्यांसमोर आपलीच लाज राखली होती.

घरी जाताना आत्या भाजीबद्दल बोलली, उद्या पाणी उशिरा येणार त्याबद्दल बोलली. ठकीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

असंच मिटून गेलं असतं. मोठी माणसं पुष्कळ गोष्टी अशाच मिटवून टाकतात आणि धाकटी त्या मिटू देतात. पण झिलईकाकांना मावशी इतकी भावली, की आपल्या मुलीला द्यायला म्हणून त्यांनी पुस्तकाची नवी प्रत आणली. पुढच्या वाचनाच्या वेळी ते ती प्रत हातात धरून, भुवया चढवून उभे राहिले.

“फसवलं मला दुकानदारानं,” ते म्हणाले. “यात ते पानच नाही. मावशी आहे, दूध आहे, पण पुढं भलतंच काहीतरी छापलंय. इतकं कडू, की मुलीला द्यायची लाज वाटावी.”

“छापखान्याची चूक असेल,” मालकीणबाई म्हणाल्या. “पानं इकडची तिकडं होतात.”

“मी प्रकाशकाला कळवणार आहे. आत्या, तुमची प्रत द्या बरं जरा, ताडून बघू.”

आत्यानं आपल्या पुस्तकावर हात ठेवला. “माझी जुनी आहे,” ती म्हणाली. “पानं सुटली आहेत. राहू द्या, काका.”

“सुटलेली चालतील. आणि यात काय आहे ते ऐका तरी. मी वाचतो.”

त्यांनी पान काढलं आणि घसा साफ केला. आत्या टेबलावरच्या साच्याकडे बघत होती. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण पुस्तकावरच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. ती बोटं ठकीनं पाहिली आणि तिच्यानं बसवेना.

“द्या इकडे, काका,” ती उठून म्हणाली. “मी वाचते. मीच लिहिलंय.”

नवी हसायला लागली आणि कुणीच हसत नाही बघून थांबली. काकांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा ठकीकडे, आणि प्रत तिच्या हातात दिली. वाचणाऱ्याची खुर्ची आत्याच्या बुडाखाली होती. ठकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आत्या, ऊठ. आज तू ऐकायला बस.”

“ठके, उगाच हट्ट करू नकोस.”

“ऊठ ना गं.”

आत्या उठली आणि ठकीच्या स्टुलावर जाऊन बसली. समोर अर्धवट लागलेले दात होते, तिनं सवयीनं सुरी उचलली. ठकीनं वाचायला सुरुवात केली. काही गाळलं नाही, काही बदललं नाही. दूध, रुमाल, रेडिओ. या वेळी कुणी हसलं नाही. ‘तिला कुणी विचारलंच नाही’ इथं तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. ‘आपलं मावशीसारखं व्हायचं नाही’ हे वाक्य तिनं आत्याकडे बघून वाचलं, कारण पुस्तकात तोंड खुपसून वाचणं तिला जास्त भ्याडपणाचं वाटलं. मग तिनं पुस्तक मिटलं.

“आता मत सांगा,” ती म्हणाली. “आधी आत्या.”

आत्यानं हातातला दात बसवून पूर्ण केला. तो टेकतो का बघितलं. मग बोलली.

“पुस्तक चांगलं आहे. आणल्या दिवशीच मी संपवलं, जेवण बाजूला ठेवून. तो ‘मलाही’ म्हणणारा पोरगा तर असा उतरलाय, की रस्त्यात दिसला तर मी ओळखीन. खणाचं वाचलं तेव्हा मला कळलं, मागच्या वर्षी तू स्वयंपाकघरात सारखी का घोटाळत होतीस. वाईट वाटलं. मला वाटलं होतं, पोरीला भूक लागते.” ती जरा थांबली. “भाषा सरळ आहे. आभाळ फारसं नाही, हे फार बरं केलंस. मी चार माणसांत सांगते, एवढ्यात इतकं खरं पुस्तक मी वाचलेलं नाही.”

“आणि नववं?” ठकीनं विचारलं.

“नवव्यात काखेत कळसा नि गावाला वळसा झालाय,” आत्या म्हणाली. “पुस्तकभर ती मुलगी त्या पोरांना प्रश्न विचारते. लहानपणी कुठे राहायचास, कशाला घाबरतोस, रडला होतास का कधी. ओळख ना पाळख, तरी विचारते. आणि मावशीच्या घरात ती राहते, तिच्या हातचं खाते, पण पुस्तकभरात मावशीला तिनं एकसुद्धा प्रश्न विचारलेला नाही. तेवढं मला लागलं. दुधाचं काही नाही, दूध मी हुंगतेच.”

तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. ठकीला वाटलं, पाय धरावेत, मिठी मारावी, रडावं. पण आत्या काय म्हणत होती ते तिनं नीट ऐकलं होतं. वाचणाऱ्याच्या खुर्चीत ती पुढं सरकून बसली.

“आत्या,” ती म्हणाली, “तो दिसायला कसा होता?”

आत्यानं विचार केला.

“दात सुंदर होते तेव्हा,” आत्या म्हणाली. “आता वरची कवळी आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठी आली त्यावर नाव होतं. मी कुणाला हात लावू दिला नाही, मीच केली.”

“बसली?” झिलईकाकांनी विचारलं.

“पहिल्या खेपेला,” आत्या म्हणाली.